अंगठ्याचा ठसा आणि धान्याचा काटा

रेशन दुकानातले पॉस मशीन एकाच प्रश्नाचे उत्तर देते: काचेवर ठेवलेले बोट अमुक आधार क्रमांकाच्या नोंदीतल्या बोटाशी जुळते की नाही. समोरची व्यक्ती गरजू आहे का, तिच्या पिशवीत हक्काचे सगळे धान्य पडले का, दुकानदाराने काटा मारला का, हे त्या मशीनला कळत नाही आणि कळावे अशी त्याची रचनाही नाही. तरीही गेल्या काही वर्षांत या एका उत्तरावरून अनेक निर्णय होऊ लागले आहेत. या महिन्याचे धान्य द्यायचे की नाही, दुकानाला पुढच्या महिन्याचे नियतन, म्हणजे ठरवून दिलेला धान्याचा कोटा, किती पाठवायचे, कार्ड चालू ठेवायचे की रद्द करायचे, आणि भ्रष्टाचार किती कमी झाला हे सांगताना कोणता आकडा पुढे करायचा, हे सगळे त्यात आले. तंत्रज्ञान आणि डेटा यांचा समाजावर व निर्णयप्रक्रियेवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास आज अनेक विद्याशाखा मिळून करतात. तो अभ्यास कशासाठी लागतो हे समजून घ्यायला रेशनच्या मशीनइतके जवळचे आणि इतके नीट तपासले गेलेले उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

आधारची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते पहिले आधार क्रमांक देण्यात आले. दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळांच्या प्रतिमा आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन प्रत्येकाला १२ अंकी क्रमांक द्यायचा, म्हणजे एकाच माणसाची दोन-दोन नावे सरकारी याद्यांत राहणार नाहीत, अशी ही कल्पना होती. पुढे २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला. त्यानुसार ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला धान्याचा हक्क मिळाला: प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो. ही लाभार्थीसंख्या ८० कोटींच्या घरात जाते. या दोन गोष्टी दुकानाच्या गल्ल्यावर एकत्र आल्या, त्या पॉस मशीनच्या रूपाने.

ठसा जुळवण्याचे काम कसे चालते ते आधी पाहू. बोटावरच्या रेषा जिथे संपतात आणि जिथे त्यांना फाटे फुटतात, त्या बिंदूंचा एक नकाशा नोंदणीच्या वेळी तयार होतो. दुकानात बोट ठेवले की त्या क्षणाचा दुसरा नकाशा बनतो, आणि दोन्ही किती जुळतात याचे गुण काढले जातात. एकाच बोटाचे दोन ठसे तंतोतंत सारखे कधीच येत नाहीत. दाब, घाम, धूळ, कोन, सगळे बदलते. म्हणून किती गुणांना ‘जुळले’ म्हणायचे याची एक रेघ माणसाला आखावी लागते. रेघ वर नेली तर खऱ्या माणसालाही मशीन नाकारते. खाली आणली तर परक्याचे बोट चालून जाण्याची शक्यता वाढते. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारी जागा त्या पट्टीवर नाही. रेघ कुठे आखायची हा निर्णय वरकरणी तांत्रिक दिसतो, परंतु कोणत्या चुकीची किंमत जास्त मानायची हा प्रश्न त्यात आधीच सोडवलेला असतो. बँकेच्या तिजोरीसाठी त्याचे जे उत्तर योग्य, तेच ५ किलो गहू-तांदळासाठी योग्य असेलच असे नाही.

आमच्या भागातल्या रेशन दुकानाच्या रांगेत माझ्या पुढे एक म्हाताऱ्या बाई होत्या, आयुष्यभर बांधकामावर विटा वाहिलेल्या. त्यांनी अंगठा लावला, मशीनने घेतला नाही. ‘आजी, थंब घेत नाहीये. पदराला पुसा आणि परत लावा,’ दुकानदार म्हणाला. त्यांनी अंगठा पदराला पुसला, त्यावर फुंकर घातली, परत लावला. मग तर्जनी झाली. चौथ्या खेपेला डाव्या हाताचे मधले बोट लागले आणि पावती बाहेर आली. मागच्या दोन दिवशी ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे ऐकून आपण परत गेलो होतो, असे त्यांनी सहज सांगितले; तक्रारीचा सूरही नव्हता. त्यांच्या बोटांची टोके मी जवळून पाहिली. सिमेंट आणि विटांनी ती इतकी गुळगुळीत झाली होती की रेषा डोळ्यांनाही दिसत नव्हत्या.

आता या प्रसंगाची नोंद कशी होईल? प्रत्येक वेळी लावलेले बोट हे एकक धरले तर चारांत एक यश, म्हणजे २५ टक्के. माणूस हे एकक धरले तर धान्य मिळाले, म्हणजे १०० टक्के. दुकानापर्यंत घातलेल्या फेऱ्या मोजल्या तर तिनांत एक. आणि बुडालेला रोज मोजायचा म्हटले, तर त्यासाठी कोणत्याही तक्त्यात रकानाच नाही. संख्याशास्त्रात हा प्राथमिक धडा समजला जातो, की टक्केवारी सांगण्याआधी ती कशाची हे सांगावे. प्रत्यक्षात मात्र हा धडा फार महाग पडतो. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने आधार प्रमाणीकरण अयशस्वी होण्याचे जे अंदाज उद्धृत केले, त्यात झारखंडसाठी ४९ टक्के, राजस्थानसाठी ३७ टक्के, गुजरातसाठी ६ टक्के असे आकडे होते. दुसरीकडे २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आधारविषयीच्या निकालात ९९.७६ टक्के यशाचा आकडा येतो. आकड्यांत एवढी तफावत दिसली की वाचणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की मोजणी प्रयत्नांची होती की माणसांची, आणि ती कुठे बसून केली गेली.

समजा ९९.७६ हाच आकडा खरा धरला. उरलेले ०.२४ टक्के ऐकायला नगण्य वाटतात, पण ८० कोटींचे ०.२४ टक्के म्हणजे १९ लाख माणसे. शिवाय ही माणसे सगळ्या लोकसंख्येत सारखी विखुरलेली नसतात. अभियंता सरासरी काढताना असे गृहीत धरू शकतो की या महिन्यात एकाचा ठसा चुकला तर पुढच्या महिन्यात दुसऱ्याचा चुकेल. समाजशास्त्रज्ञ घरोघरी जातो तेव्हा त्याला दिसते की दर महिन्याला तोच वृद्ध, तीच मजूर बाई आणि जिथे मोबाइलची रेंज लागत नाही तोच पाडा मागे राहतो. सरासरीत जी चूक सगळ्यांत वाटली गेल्यासारखी दिसते, ती खऱ्या आयुष्यात त्याच त्या माणसांच्या पदरात पुन्हा पुन्हा पडते. एका शाखेला आकडा दिसतो, दुसरीला त्या आकड्यामागची माणसे दिसतात, आणि निर्णय घेणाऱ्याला दोन्हींची गरज असते.

यावर कोणी म्हणेल की रेशनमध्ये गळती होतीच, ती थांबवायला काहीतरी करणे भाग होते. हे म्हणणे अगदी खरे आहे. काळ्या बाजारात जाणारे रेशनचे धान्य ज्याने पाहिले आहे, तो या मुद्द्याकडे दुर्लक्ष करणार नाही. परंतु गळती एका प्रकारची नसते, आणि इथेच अर्थशास्त्रज्ञांचे काम मोलाचे ठरले. एक गळती ओळखीची: मेलेल्याच्या, स्थलांतर केलेल्याच्या किंवा मुळात नसलेल्याच माणसाच्या नावावर धान्य उचलले जाते. दुसरी गळती मापाची: माणूस खरा, कार्ड खरे, अंगठाही खरा, पण ३५ किलोच्या जागी ३० किलो पिशवीत पडतात आणि पावतीवर मात्र ३५ लिहिलेले असते. अंगठ्याचे मशीन पहिल्या प्रकारावर उपाय आहे. दुसऱ्या प्रकारावर, म्हणजे आपण ज्याला मापात पाप म्हणतो त्यावर, त्याचा काहीही इलाज चालत नाही. उलट कमी धान्य देऊनही दुकानदाराच्या हातात लाभार्थीच्याच ठशाचा पुरावा राहतो. ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झारखंडमधल्या ३२ गावांत पाहणी करून २०१७ च्या डिसेंबरमध्ये नेमका हा मुद्दा मांडला: तिथली मुख्य चोरी मापाची आहे, त्यामुळे ओळख पटवण्याच्या सक्तीचा त्रास लोकांना झाला आणि लाभ फारसा कोणालाच झाला नाही.

तेवढ्यावर हा वाद संपला नाही, आणि तो संपला नाही हे चांगलेच झाले. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी झारखंड सरकारच्या सहकार्याने १० जिल्ह्यांत एक मोठा प्रयोग केला. औषधांच्या चाचणीत काही रुग्णांना औषध देतात, काहींना देत नाहीत, आणि कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवतात. त्याच पद्धतीने काही भागांत अंगठ्याची सक्ती आधी लागू झाली आणि काही भागांत नंतर. या प्रयोगाच्या कक्षेत सुमारे दीड कोटी लाभार्थी होते. २०२० साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सावधपणे वाचावे लागतात. नुसत्या अंगठ्याच्या सक्तीमुळे गळती कमी झाली नाही. सर्वसाधारण लाभार्थीचा वेळ व खर्च थोडा वाढला. आणि ज्यांचे आधार आधीपासून कार्डाला जोडलेले नव्हते, त्यांना मिळणारा लाभ १० टक्क्यांनी घटला.

याच संशोधकांनी त्याआधी आंध्र प्रदेशात ठशांवर आधारलेल्या स्मार्टकार्डचा अभ्यास केला होता. तो १५७ मंडलांत (मंडल हा तिथला जिल्ह्याचा उपविभाग), म्हणजे सुमारे १.९ कोटी लोकवस्तीच्या प्रदेशात चालला आणि २०१६ साली प्रसिद्ध झाला. तिथे निष्कर्ष जवळजवळ उलटा निघाला होता. रोजगार हमीची मजुरी लवकर मिळू लागली, मधल्यामध्ये गडप होणारी रक्कम घटली, आणि कोणी वगळले गेल्याचे दिसले नाही. बोट तेच, रेषा त्याच, मग फरक कशाचा? आंध्रात पैसे वाटणारा माणूस बदलला होता, पैसे गावातच मिळू लागले होते, आणि ज्यांच्याकडे कार्ड नव्हते किंवा ज्यांचा ठसा जुळत नव्हता त्यांच्यासाठी जुनी वाट बंद केलेली नव्हती. झारखंडमध्ये धान्य वाटणारा दुकानदार तोच राहिला आणि सक्ती कडक झाली. तंत्रज्ञान चांगले की वाईट, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी हे दोन अभ्यास शेजारी-शेजारी ठेवून वाचावेत. यंत्राच्या भोवतीची व्यवस्था बदलली की त्याच यंत्राचा परिणाम बदलतो. म्हणून यंत्राची चाचणी प्रयोगशाळेत झाली तरी धोरणाची चाचणी गावातच करावी लागते.

झारखंडच्या कहाणीतला पुढचा भाग मला सर्वांत बोधप्रद वाटतो, आणि त्यावर थोडे थांबायला हवे. २०१७ च्या मध्यावर सरकारने मशीनमधल्या नोंदींचा हिशेबासाठी वापर सुरू केला. समजा एका दुकानाला महिन्याला १०० क्विंटल धान्य येते. मशीनच्या नोंदीनुसार ८० क्विंटल वाटले गेले. मग संगणकाच्या दृष्टीने २० क्विंटल शिल्लक असले पाहिजे, म्हणून पुढच्या महिन्याचे नियतन ८० क्विंटल. कागदावर हे निर्दोष आहे. कोणताही हिशेबनीस असेच करील. आता दुकानात जाऊ. ते २० क्विंटल दुकानदाराने विकून टाकले असतील, किंवा मशीन बंद होते त्या दिवशी वहीत नोंद करून लोकांना खरोखरच दिले असतील. दोन्ही प्रसंगी गोदामात पोते नाही, फक्त संगणकात शिल्लक आहे. अशी शिल्लक कित्येक महिन्यांची साचत गेली आणि मग ती एकदम वजा होऊ लागली, तेव्हा दुकानात येणारे धान्यच घटले. दुकानदार कार्डधारकांना म्हणणार, वरूनच कमी आले. आणि यात तो खोटेही बोलत नसेल. अभ्यासात या टप्प्यावर गळती मोठ्या प्रमाणावर घटलेली दिसली, कारण चोरायला धान्यच उरले नव्हते. पण त्याच वेळी लोकांना मिळणारे धान्यही लक्षणीय कमी झाले. पूर्वीच्या चोरीची वसुली चोराकडून करायची होती, ती झाली कार्डधारकाच्या ताटातून.

सरकारने ठरवले असते तर जुनी शिल्लक शून्य धरून नव्याने हिशेब सुरू करता आला असता, किंवा धान्य पूर्ण पाठवून फरकाची रक्कम दुकानदाराच्या कमिशनमधून कापता आली असती. म्हणजे डेटा चुकीचा नव्हता असे मानले तरी, त्यावरून काढलेला निर्णय कोणाच्या अंगावर पडणार याचा विचार वेगळा करावा लागतो. हा विचार संगणक करत नाही. तो प्रशासनाचा अभ्यास करणाऱ्यांनी, कायदा जाणणाऱ्यांनी आणि रांगेत उभ्या असलेल्या लोकांशी बोलणाऱ्यांनी मिळून करायचा असतो.

रद्द झालेल्या कार्डांचीही अशीच गोष्ट आहे. याद्या आधारशी जोडताना जी कार्डे जुळली नाहीत, ती बोगस समजून कमी केली गेली, आणि त्यांची संख्या अनेकदा थेट बचत म्हणून सांगितली गेली. झारखंडच्या त्याच १० जिल्ह्यांत २०१६ ते २०१८ या काळात रद्द झालेल्या कार्डांचा माग संशोधकांनी घेतला, तेव्हा त्यांतली सुमारे ९० टक्के कार्डे खऱ्या कुटुंबांची असल्याचे आढळले. ‘जुळले नाही’ आणि ‘अस्तित्वातच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्त्यात मात्र त्या एकाच रकान्यात जाऊन बसतात.

नावे जुळवणे किती अवघड असते, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. लग्नाआधी बाईच्या नावापुढे वडिलांचे नाव, लग्नानंतर नवऱ्याचे. काही ठिकाणी तिचे स्वतःचे नावही बदललेले. शाळेच्या दाखल्यावर ‘बाई’ जोडलेले, आधारवर नसलेले. रोमन लिपीत एकीकडे एक ‘ए’, दुसरीकडे दोन. संगणकाने अशी नावे जुळवायची तर तो अक्षरांचे साम्य पाहून अंदाज बांधतो, आणि नावे जितकी सर्वसामान्य तितका अंदाज चुकण्याचा धोका मोठा. तेलंगणात ‘समग्र वेदिका’ नावाची प्रणाली वेगवेगळ्या सरकारी खात्यांतल्या नोंदी अशा प्रकारे एकत्र जोडते. एखाद्या गरीब माणसाशी नाव जुळणाऱ्या दुसऱ्याच कोणाच्या नावावर मोटार असेल, तर ती मोटार या गरिबाच्या खात्यावर चढते आणि त्याचे कार्ड अपात्र ठरते, असे प्रकार तिथे उघड झाले. घरी जाऊन चौकशी न करता मुख्यतः संगणकीय पडताळणीवर विसंबून कार्डे रद्द झाल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने रद्द झालेल्या सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष पडताळणी करण्याचा आदेश दिला.

कधी कधी चूक जुळवणीतही नसते, रकान्यातच असते. महाराष्ट्रात २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत महिना १५०० रुपये मिळतात. २०२५ मध्ये ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पडताळणी, आवश्यक केली गेली, तेव्हा लाभार्थी महिलेबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला. ज्या बाईचा नवरा आणि वडील दोघेही हयात नाहीत, किंवा जी नवऱ्यापासून वेगळी झाली आहे, तिने तिथे काय भरायचे? पुढे मुदत वाढवून अशा महिलांसाठी वेगळी सोय करावी लागली. अर्जाचा नमुना बनवणाऱ्याच्या मनात कुटुंबाचे जे चित्र होते, ते त्या रकान्यात उतरले होते. स्त्रियांच्या प्रश्नांचा अभ्यास करणारी एखादी व्यक्ती किंवा गावातली एखादी अंगणवाडी सेविका तो नमुना ठरवताना खोलीत असती, तर ही अडचण तिला पहिल्या पाच मिनिटांत दिसली असती.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेत सरकारी भत्ता घेणाऱ्यांचे वर्षाचे उत्पन्न कर खात्याकडून घेतले गेले आणि त्याला २६ पंधरवड्यांनी भागले गेले. समजा एखाद्याने अर्धे वर्ष नोकरी करून पंधरवड्याला २,००० डॉलर मिळवले आणि उरलेले अर्धे वर्ष बेकार राहून भत्ता घेतला. सरासरीने त्याची कमाई वर्षभर पंधरवड्याला १,००० डॉलर दिसते, म्हणजे बेकारीतही तो कमावत होता आणि भत्ता खोटे सांगून घेतला, असा अर्थ संगणक काढतो. मग वसुलीची नोटीस जाते, आणि कित्येक वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या शोधून आपण निर्दोष आहोत हे त्या माणसानेच सिद्ध करायचे. कायद्याचे प्राध्यापक टेरी कार्नी यांनी अपील लवादाचे सदस्य या नात्याने २०१७ सालीच ही पद्धत कायद्यात बसत नसल्याचे निर्णय दिले होते. तरी ती आणखी दोन वर्षे चालली. अखेर सुमारे ४ लाख ७० हजार चुकीच्या वसुल्यांपोटी ७२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम परत करण्याचे सरकारने २०२० साली जाहीर केले, आणि २०२३ साली चौकशी आयोगाने या सगळ्या प्रकाराला कठोर शब्दांत दोषी ठरवले. गणित शाळेतल्या मुलालाही करता येईल असे होते. चूक होती ती, दरमहा बदलणाऱ्या मजुरीवर जगणाऱ्या माणसाचे वर्ष कसे असते हे न विचारण्यात.

अमेरिकेतले एक उदाहरणही नोंदवण्यासारखे आहे. तिथल्या रुग्णालयांत कोणत्या रुग्णांकडे जादा लक्ष द्यावे हे ठरवणारी एक संगणकप्रणाली वापरात होती. ती वंशाचा रकाना पाहतच नव्हती. पण आजार किती गंभीर याऐवजी उपचारावर खर्च किती होईल याचा अंदाज ती बांधत होती, आणि कृष्णवर्णीय रुग्णांवर, तितकेच आजारी असूनही, खर्च कमी होत आला होता. झियाद ओबरमायर हे डॉक्टर आणि सेंधिल मुल्लैनाथन हे अर्थशास्त्रज्ञ यांनी सहकाऱ्यांसह २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की ही त्रुटी काढली तर जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल. डॉक्टरला रुग्णाचा आजार कळतो, अर्थशास्त्रज्ञाला खर्च आणि गरज यांतला फरक कळतो; हे दोघे एका टेबलाशी बसले म्हणून ही चूक सापडली.

पुन्हा आपल्याकडे येऊ. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा मताने सरकारी अनुदाने व लाभ यांसाठी आधारचा वापर वैध ठरवला, आणि खासगी कंपन्यांना आधार मागू देणारी तरतूद रद्द केली. वेगळे मत नोंदवणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी वगळल्या जाणाऱ्या माणसांचा प्रश्न ठळकपणे मांडला. मला या चर्चेतले कायद्याचे योगदान असे वाटते, की अर्थशास्त्रात वगळणूक हा खर्च असतो, दुसऱ्या कोणाच्या फायद्याशी त्याची वजाबाकी करता येते. पण धान्य हा हक्क मानला तर एकाच्या हक्काची भरपाई दुसऱ्याच्या सोयीने होत नाही.

मशीनमुळे जे चांगले झाले तेही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवे. नोंद एका दुकानाच्या वहीत अडकलेली होती, ती मोकळी झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये आंध्र प्रदेश आणि तेलंगणा, तसेच महाराष्ट्र आणि गुजरात अशा जोड्यांनी कार्ड परराज्यात चालण्याची सुरुवात झाली, आणि पुढे ‘एक देश, एक रेशन कार्ड’ म्हणून ती देशभर पसरली. बीडहून सहा-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचे धान्य पूर्वी गावच्या दुकानात पडून राहायचे आणि बहुधा दुसऱ्याच कोणाच्या घरी जायचे. आता ते फडाजवळच्या दुकानातून उचलता येण्याची सोय आहे. दुकानदार उर्मट असेल, काटा मारत असेल, तर शेजारच्या दुकानात जाण्याची मुभाही यातूनच आली. पण इथेही तीच अट आहे, अंगठा लागला पाहिजे. आणि कोयत्याच्या मुठीने बोटे झिजलेल्या माणसासाठी ही अट किरकोळ नाही.

मग मापातले पाप कसे पकडायचे? एक वाट तेलंगणातल्या प्रयोगाने दाखवली आहे. २०१८ साली रयतू बंधू या शेतकऱ्यांना आर्थिक मदत देणाऱ्या योजनेत तिथे लाखो शेतकऱ्यांना चेक वाटले जात होते. मुरलीधरन, नीहाउस आणि सुखटणकर यांनीच जेफ्री वीव्हर यांच्यासह काही शेतकऱ्यांना फोन करून सरळ विचारले, तुम्हाला चेक मिळाला का, कधी मिळाला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेल्या काही मंडलांतल्या अधिकाऱ्यांना आधीच कळवले होते की तुमचे काम या फोनवरच्या उत्तरांवरून मोजले जाणार आहे. तेवढ्याने चेक पोहोचण्याचे प्रमाण वाढले. वाढ मोठी नव्हती, पण तिच्यासाठी लागलेला खर्च त्याहून कितीतरी कमी होता. यातला डेटा देणाऱ्याच्या मशीनमधून आलेला नव्हता; तो घेणाऱ्याच्या तोंडून आला होता. रेशनसाठी हाच प्रश्न असा विचारता येईल: या महिन्यात तुमच्या पिशवीत किती किलो पडले?

त्यातही अडचणी आहेत. कार्डाला जोडलेला मोबाइल क्रमांक मुलाचा असतो आणि मुलगा पुण्याला असतो. कुठे तो दुकानदारानेच भरलेला असतो. आणि ज्या आजीचा अंगठा लागत नाही तिच्याकडे बहुधा फोनही नसतो. झारखंडच्या अभ्यासातही मशीनमधल्या नोंदींवर भागले नाही. पाहणी करणाऱ्यांना वही घेऊन घरोघरी जावे लागले आणि उंबऱ्यात बसून प्रत्येकाला विचारावे लागले, की मागच्या महिन्यात काय मिळाले, किती मिळाले, आणि त्यासाठी किती वेळा जावे लागले.